मशीननं घनता मोजली, आजोळ राहून गेलं

डॉक्टर मॅडमनी आधी आमच्या ह्यांना खुर्ची पुढे ओढून बसायला सांगितलं. मी तेव्हाच समजले. चांगली बातमी असली की डॉक्टर उभ्या उभ्या सांगून मोकळे होतात.

"कुंदाताई, डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे," त्या म्हणाल्या. "आणि पेट स्कॅनमध्ये तो मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पोचलेला दिसतो. याला चौथी स्टेज म्हणतात. औषधानं आपण त्याला थोपवून धरू. पण पूर्ण बरा होईल, असं खोटं मी सांगणार नाही."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे आता किती..." मॅडम म्हणाल्या, "ते कोणीच सांगू शकत नाही." मी खिडकीकडे पाहत होते. माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं सांगू? एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, ते आलं.

मग जुने कागद चाळता चाळता मॅडमनी विचारलं, "आईकडच्या बाजूला कोणाला होता का हा आजार? आजी, मावशी?"

"दोघींलेही होता," मी म्हणाले. "आजी त्यातच गेली. मावशी तर चाळिशीतच गेली."

मॅडमनी त्यातला एक कागद वर काढला. "मग शिबिराच्या रिपोर्टवर 'कुटुंबात कोणालाही नाही' असं कसं?"

त्याचं उत्तर सांगायला मला आमच्या बायकांचं अख्खं जगणं सांगावं लागलं असतं, आणि बाहेर रांग लागली होती.

"बहीण आहे तुम्हाला?"

"हाय. धाकटी. पुसदले दिली."

"तिला तपासायला आणा. तुमच्या बाबतीत उशीर झाला. तिच्या बाबतीत कदाचित झाला नसेल."

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, शीलाला तपासणीच्या मशीनसमोर उभं करायचं. माझं जे व्हायचं ते ठरून गेलं होतं, त्यात माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

मी दारव्ह्याची. बाजाराच्या रस्त्याला माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. तोंडाची मी फटकळ, हे अख्ख्या दारव्ह्याला ठाऊक आहे, त्यामुळे इथंही गोड गोड लिहिणार नाही. लिहिताना शाळेत शिकवलेलं मराठी लिहिते, माणसं मात्र जशी बोलली तशीच ठेवली आहेत. हिंमत द्यायला लिहीत नाही, कारण मलाच ती पुरत नाही. पण तुमच्यापैकी कोणी उद्या अशाच रांगेत बसलेली असेल, तिला हे कळलेलं बरं.

आता शिबिराचं सांगते. दोन-अडीच वर्षांपूर्वी एका संस्थेची मोठी गाडी आमच्याकडे आली होती. गाडीत मॅमोग्राफीचं मशीन. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पाट्यांच्या मधात स्तन ठेवून दाबतात आणि फोटो काढतात. दुखतं, खोटं कशाला बोलू. पण पटकन होतं, आणि आतली पोरगी "झालं मावशी, झालं मावशी" म्हणत राहते.

त्या गाडीत नवीन काय होतं, तर फोटो काढला की कॉम्प्युटर स्वतःच स्तनाची डेन्सिटी मोजत होता. डेन्सिटी म्हणजे घनता. आपल्या स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथींचा, तंतूंचा भागही असतो. चरबी फोटोत काळी दिसते, दुसरा भाग पांढरा. पांढरं जास्त म्हणजे घनता जास्त. हाताला घट्ट लागतं की सैल, आकार मोठा की लहान, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पूर्वी डॉक्टर डोळ्यानं बघून अंदाज सांगायचे, एकाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा. मशीन सगळ्यांना एकाच मापानं मोजतं.

हे मोजायचं कशाला, तेही तेव्हा सांगितलं होतं. ज्या बाईची घनता जास्त, तिला पुढे कॅन्सर व्हायचा धोका जास्त. आणि दुसरं म्हणजे कॅन्सरची गाठही फोटोत पांढरीच दिसते. पांढऱ्या कापडावरची पांढऱ्या दोऱ्याची शिलाई शोधून पाहा, मग समजेल. म्हणून अशा बाईची सोनोग्राफीही करावी लागते.

आणि मशीन नुसत्या घनतेवर धोका सांगत नव्हतं. त्यात वय, पाळी कधी आली, पहिलं लेकरू कधी झालं आणि कुटुंबात कोणाला हा आजार होता का, एवढं सगळं टाकायचं. मग सगळं मिळून ते धोका कमी, मध्यम की जास्त ते सांगायचं. जास्त घनतेच्या सगळ्याच बायांची सोनोग्राफी करणं संस्थेला जमणारं नव्हतं, म्हणून ज्यांचा धोका जास्त निघेल त्यांनाच यवतमाळला पाठवणार होते.

गाडीबाहेर मांडव होता. एक पोरगी हातात टॅब घेऊन एकेकीला विचारत होती. मी सासूबाईंबरोबर बसले होते. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझ्यापुढे आमच्या गल्लीतली मंगला होती. पोरीनं तिला विचारलं, "काकू, तुमच्या कुटुंबात कोणाला स्तनाचा कॅन्सर?"

"माह्या सासूले काई होत नाही बाप्पा," मंगला म्हणाली, "ते मलेच पोचवून मंग जाईन."

सगळा मांडव हसला. पोरगीही हसली आणि तिनं 'नाही' वर बोट टेकवलं. तिच्या मागची म्हणाली, सासूले नाही, नणंदेले नाही. तिच्या मागची म्हणाली, जावेले काखेत गाठ आलती पण ते फोड निघाला. मग माझा नंबर आला. मी तोंड उघडायच्या आधीच आत्याबाई बोलल्या, "आमच्या घरात असलं काई नाही माय." आणि मी मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, काय बावळट बाई आहे ही, स्वतःची आजी विसरली. विसरले नव्हते हो. आजीची छाती सडली होती, त्या खोलीत धूप जाळून ठेवायचे, ते मी लहानपणी पाहिलं आहे. पण कुटुंब म्हटल्यावर आमच्या मनात काय येतं? लग्न झाल्यावर आडनाव सासरचं, कुलदैवत सासरचं, सुतक सासरचं. तुमच्याकडे पाऊस कसा आहे विचारलं तर आम्ही सासरच्या शेताचं सांगतो. तिथं आजार तेवढा माहेरचा सांगायचा, हे कोणाच्या डोक्यात येणार? आणि हा तर माहेरचाही नव्हता, आजोळचा होता, घाटंजीकडचा. आई माझी वेगळ्याच तापानं गेली. दोन लग्नं मधात पडली की घराणं कुठच्या कुठे जातं.

मॅडमनी मला नंतर समजावलं की हा धोका रक्तातून येतो, आईकडून येतो आणि वडिलांकडूनही येतो. आमच्याकडे तो जास्त करून बाईच्या वाटेनं आला, आणि बाई तर दर पिढीला घर बदलते. आजीचं घर वेगळं, मावशीचं वेगळं, माझं वेगळं, शीलाचं वेगळं. चार घरांत चार बाया, आणि प्रत्येक घर म्हणतं, आमच्याकडे असलं काही नाही. त्यात खोटं कोणीच बोलत नाही, हेच तर वाईट आहे.

माझा रिपोर्ट आला. घनता चौथ्या वर्गाची, म्हणजे सगळ्यांत जास्त. गाठ दिसली नाही. धोका मध्यम. दोन वर्षांनी परत या.

रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या सिस्टर बाईनं "घनता जास्त आहे" म्हटलं, तर मंगला माझ्या कानात म्हणते, "कुंदे, तुहं तं नवऱ्या मुलीसारखं घट्ट निघालं वं." मला तर आतून बरंच वाटलं, आता लपवून काय करू. आम्ही दोघी येताना हसत आलो, बाजारात भजी खाल्ली. घनता हा शब्द मी पुन्हा मनातही आणला नाही.

मॅडमनी तोच रिपोर्ट आता पुढ्यात ठेवून मला सांगितलं, "मशीननं बरोबर मोजलं होतं. आजी-मावशीचं त्यात पडलं असतं तर तुम्ही 'जास्त' मध्ये गेला असता. तेव्हाच सोनोग्राफी झाली असती." तेव्हा गाठ असती का, विचारलं. म्हणाल्या, "सांगता येत नाही. असेलही." या 'असेलही' नं माझी झोप गेली आहे.

सुरुवात पाठीपासून झाली. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी बाई मी, पाठ दुखली त्यात काय नवल? बाम लावला, शेक घेतला, कमरेचा पट्टा आणला. आत्याबाई म्हणाल्या, "लय शिवत नको जाऊ वं." मग एक दिवस आंघोळीला गेले तर डाव्या बाजूचं बोंड आत ओढल्यासारखं दिसलं. गाठ अशी हाताला लागत नव्हती, नुसता एक जाडसर थर लागत होता. तरी दिवाळीची शिलाई होती म्हणून मी थांबले. त्या थांबण्यानं काही बिघडलं नाही, मॅडम म्हणाल्या. तोपर्यंत तो हाडात पोचलाच होता.

यवतमाळला सोनोग्राफी केली. त्यात गाठ लगेच दिसली. तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही, त्यावरून मी ओळखलं. मग बायोप्सी. बायोप्सी म्हणजे जाड सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. भूल देतात, दुखत नाही, नुसता खट्ट आवाज येतो. नंतर पेट स्कॅनसाठी नागपूर. त्यात औषध टोचून एका खोलीत एकटीला बसवतात आणि मग सगळं शरीर तपासतात, आजार कुठे कुठे पसरला ते दिसतं.

वेटिंग रूमचं मला कोणी विचारू नये. तिथल्या खुर्च्यांवर सगळ्या बाया पदर घट्ट लपेटून बसतात आणि एकमेकींना गाव विचारतात. आजार कोणी विचारत नाही. एकीनं मला विचारलं, "पहिल्यांदा आल्या का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सवय होते." मला तिचा इतका राग आला, काय सांगू. आता मीच नवीन बायांना तेच सांगते.

केमो सुरू झाली. सलाइनमधून औषध देतात. तोंड येतं, अन्नाला धातूची चव लागते, केस जातात. केस गेले त्या दिवशी हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले, रडून आले आणि आत येऊन म्हणाले, "ऊन लय हाय." पुण्याहून मुलगा रोज फोन करतो आणि रोज जेवली का विचारतो. दुसरं काय विचारावं ते त्याला सुचत नाही.

हे सगळं चालू असताना मी शीलाला फोन करत होते. पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा म्हणाली, पाहू. मग एकदा सरळच बोलली.

"ताई, मी इकडं सगळ्याइले तुले मणक्याचा त्रास हाय असं सांगून ठेवलं. प्रणालीचं जमून राह्यलं. लोकं चांगले हायेत, पोरगा चांगला हाय. तू मधात हे काढू नको."

"मी कुठं काढतो? तू फक्त तपासून घे. एक दिवस ये यवतमाळले."

"कायले? मले काई होत नाही. मी धडधाकट हाय."

"मीबी धडधाकटच होती वं शीले."

"आन् विचारलं कायले चालली, तं काय सांगू? आईकडून आला म्हनलं की पोरीवरच येते ते. तुले पोरगी नाही. तुले नाही समजणार."

फोन कट झाला. तिचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. प्रणाली तिची एकुलती एक पोरगी, शिकलेली, गुणाची. आजाराचं नाव निघालं की स्थळ कसं मागे सरतं ते मी दुकानात बसून कितीदा ऐकलं आहे. पण मला तिच्या छातीत पांढरं दिसत होतं. झोपले तरी दिसत होतं. जेवताना दिसत होतं. शेवटी मी ह्यांना म्हटलं, मला पुसदला घेऊन चला.

एसटीत मागेपुढे उशा लावून गेले. प्रत्येक खड्ड्याला मणक्यातून कळ यायची. हे म्हणत होते, "कशाले हा उपद्व्याप?" मी ठरवून गेले होते की शीलाला एकटीला धरायचं, समजवायचं आणि तिच्या सासरच्यांसमोर एक शब्द काढायचा नाही. पोरीचं खरंच जमत होतं. मला काय ते मोडायची हौस होती का?

घरात शीलाच्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी वाकून पाया पडले आणि डोक्याला बांधलेला रुमाल सरकला. त्यांनी पाहिलं. बाई वयाची, पण नजर अशी की कापडातला दोष लांबून ओळखेल.

"काय वं कुंदा," त्या म्हणाल्या, "मणक्यापायी केसं गेले काय तुहे?"

शीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती मला डोळ्यांनी विनवत होती. हो म्हण, काहीतरी सांग, टायफॉइड झाला म्हण. एक शब्द बोलले असते तर तो दिवस निभावला असता. आणि शीला मग कधीच तपासायला आली नसती, हेही मला तिच्या त्याच डोळ्यांत दिसलं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "मणक्यापायी केस जात नाही. मले स्तनाचा कॅन्सर हाय, हाडात गेला. आमच्या आजीले होता, आमच्या मावशीले होता. डॉक्टरनं शीलाले तपासाले सांगितलं. मी तिले न्याले आली."

शीलानं ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली. प्रणाली आतल्या खोलीतच होती. तिनं सगळं ऐकलं. शीलाचे यजमान, आमचे भाऊजी, कमी बोलणारा माणूस. ते ह्यांना एवढंच म्हणाले, "कोणत्या दवाखान्यात न्याचं ते सांगा."

आम्ही निघालो तेव्हा शीला बाहेर आली नाही.

प्रणालीचं जमत होतं त्या मुलाकडून थोड्याच दिवसांत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळली होती. कोणी कोणाला सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. अशी गोष्ट पायानं चालत जाते.

त्यानंतर भाऊजी शीलाला यवतमाळला घेऊन आले. मॅमोग्राफी झाली. तशाच मशीननं तिची घनता मोजली. रिपोर्टचा आणि फोटोचा भाऊजींनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, सगळं चांगलं आहे.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. जवळजवळ सगळा काळा. घनता पहिल्या वर्गाची, सगळ्यांत कमी. कुठे पांढरं नाही, कुठे गाठ नाही, लपायला जागाच नाही. एका आईच्या दोघी आम्ही. मी मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण आजोळचा इतिहास पाहता तिनं दर वर्षी यायचं. तुमच्या रक्ताची जनुकीय चाचणीही करू, म्हणजे तिला आणि तिच्या मुलीला पुढचं कळेल." जनुकीय चाचणी म्हणजे हा धोका रक्तातून पुढे जातो का ते पाहायची तपासणी.

मला आनंद झाला. खरंच झाला, घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. आणि मग न्हाणीत गेले, कडी लावली आणि रडले. शीला वाचली म्हणून नाही. तिचं काळं आणि माझं पांढरं का, म्हणून. मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटला. अशा लेखात शेवटी माणसं सगळ्यांचे आभार मानतात, आजारानं जगायला शिकवलं म्हणतात. मला त्यानं असं काही शिकवलेलं नाही. बायांनो, तुम्हाला एवढंच सांगते की कोणी कुटुंबाचं विचारलं तर आधी आजोळचं सांगा, माहेरचं सांगा, वडिलांकडच्या आत्यांचं सांगा. सासू शेजारी बसली असली तरी सांगा.

शेवटी मीच शीलाला फोन लावला. तिनं उचलला. मीच म्हणाले, "चांगलं निघालं वं शीले. लय चांगलं झालं."

"झालं समाधान?" ती म्हणाली. "मले काईच नव्हतं. पोरीचं मातर मोडलं."

"दर वर्षी जाजो. मॅडमनं सांगितलं."

ती रडायला लागली. रडता रडता बोलली, "तू तं चालली जाशीन ताई. मले इथंच राहायचं हाय, याच लोकाइत."

आणि तिनं फोन ठेवला. तिला राहायचं आहे. त्याच्यासाठीच तर मी पुसदला गेले होते.